वीस मोजेपर्यंत

गिरणीतला टीव्ही अकरा मोजेपर्यंत जगायचा आणि मग मरायचा.

बटण दाबलं की कडेचा लाल दिवा हिरवा व्हायचा, काळ्या काचेवर कंपनीचं चिन्ह उमटायचं, दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बाया माना वर करायच्या आणि अकराव्या आकड्याला सगळं काळं. थोडा दम खाऊन परत लाल, परत हिरवा, परत तेच चिन्ह. प्लग काढेपर्यंत हा खेळ चालायचा.

"अगदी आमच्या सासऱ्यांसारखा," एक बाई म्हणाली. "उठतो उठतो म्हणतात आणि कूस बदलून परत घोरायला लागतात."

बाकीच्या हसल्या. गिरणीवाले दादा हसले नाहीत, कारण त्यांना ऐकूच आलं नाही. पन्नास वर्षं पट्ट्याच्या आणि दगडाच्या आवाजात काढल्यावर त्यांच्या कानांनी कधीच अंग काढून घेतलं होतं. पण टीव्हीकडे बघून बाया हसतात, एवढं त्यांना दिसत होतं. त्यांनी पिठाने पांढरा झालेला हात सदऱ्याला पुसला आणि प्लग उपटला.

त्या वर्षी पीकच बेताचं होतं. गहू गुडघ्याच्या वर गेला नाही. एरवी या दिवसांत गिरणीच्या दारात डब्यांची रांग लागायची. यंदा भर दुपारी दोन डबे आणि चार माश्या. त्यात फाट्यावर दुसरी गिरणी झालेली. तरी बाया इथे यायच्या, कारण इथे सावली होती, बाकडं होतं आणि भिंतीवर टीव्ही होता. दळण होईपर्यंत जरा टेकता यायचं. टीव्ही बिघडला तशा बाया नुसता डबा ठेवून जाऊ लागल्या. मग हळूहळू डबाही फाट्यावर जाऊ लागला.

म्हणून दादांच्या मुलाने ठरवलं, तेलाचा घाणा आणायचा. शुक्रवारी टेम्पो येणार होता. घाण्यासाठी रिकामी करण्यासारखी एकच जागा गिरणीत होती, ती खिडकीखालचा कोपरा. त्या कोपऱ्यात आत्याचं टेबल होतं.

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत एकटी परत आली आणि त्याच आठवड्यात वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, रेडिओदुरुस्तीच्या टेबलावर जाऊन बसली. आबा गेले तरी ती उठली नाही. रेडिओ गेले, टेप आले. टेप गेले, टीव्ही आले. गावाने तिला रेडिओआत्या म्हणायचं सोडलं नाही. शाळा सुटली की पोरं तिच्या टेबलाभोवती गोळा व्हायची. ती त्यांना सेल, बल्ब आणि तारेचा तुकडा द्यायची आणि म्हणायची, "पेटवून दाखव. मी सांगणार नाही, तूच शोध."

आता तिचं वय सदुसष्ट होतं आणि तिच्याकडे एक गुपित होतं. तिचा उजवा हात कापायचा.

चहाचा कप धरताना कापत नसे. स्क्रू फिरवतानाही नाही. पण कथील वितळवून जोड द्यायची सोल्डरगन हातात घेऊन तांदळाएवढ्या जागेवर टेकवायची वेळ आली की टोक नाचायला लागायचं. गेल्या वर्षभरात तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं. धूळ पुसून, तार खोचून जे सुधारायचं ते सुधारून द्यायची. ज्याला सोल्डरचा डाग द्यायला लागायचा त्याच्याबद्दल म्हणायची, "याचा पार्ट मिळत नाही हो, ठेवून जा." असे चार रेडिओ टेबलाखाली पोत्याच्या आड पडून होते.

सोमवारी सकाळी तिने भाच्याला, म्हणजे दादांच्या मुलाला, सांगितलं, "टीव्ही खाली काढून दे मला."

"आत्या, दुकानवाल्याने सांगितलंय ना, आख्खा बोर्ड बदलायला लागेल. आणि बोर्ड येत नाही. नवाच घ्या म्हणाला."

"त्याने उघडून पाहिला?"

"नाही. फोनवरच."

"फोनवरून तर मी पण डॉक्टर आहे. काढ खाली."

भाच्याने टीव्ही काढला आणि टेबलावर ठेवला. ठेवताना टेबलाकडे बघत पुटपुटला, "शुक्रवारच्या आत मात्र..." पुढचं त्याने गिळलं.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. टेबल जाणारच असेल तर जाऊ दे. पण त्यावरून उठणारी शेवटची वस्तू चालती उठायला हवी आणि ती आपल्या हाताने, एवढं तिने मनाशी धरलं होतं.

मदतीला दादांची नात होती. वय नऊ. दिवसभर हे काय नि ते का, म्हणून तिला घरात चौकशी म्हणत.

"आत्याआजी, आधी काय उघडायचं?"

"आधी तोंड उघडायचं. घरच्यांना विचारायचं, पहिल्या दिवशी काय झालं? आबा म्हणायचे, रेडिओ बोलत नाही म्हणून तर आपल्याकडे आलाय. त्याच्या वतीने घरचे बोलतात."

चौकशीला हे काम फार आवडलं. ती गिरणीत, स्वयंपाकघरात, गोठ्यात हिंडून आली. आजोबांच्या कानात ओरडून आली. बातमी अशी होती: टीव्ही एकदम बिघडलाच नव्हता. थंडीत सकाळी पहिल्यांदा लावला की एकदा विझायचा आणि मग लागायचा. पुढे दोनदा विझायचा, पुढे पाच-सहा वेळा. एकदा लागला की दिवसभर छान. आणि एक दिवस सकाळपासून नुसताच उठबस करत राहिला.

"शाबास," आत्या म्हणाली. "अर्धं काम तू केलंस. आपटून मोडलेला एका दिवसात मोडतो. हा झिजत आलाय."

तरी तिने पायऱ्या गाळल्या नाहीत. डिशची तार काढून लावून पाहिला. अकरा. गिरणीची मोटर थांबवून लावून पाहिला, कारण मोटर सुरू होताना विजेचा जोर कमी होतो. अकराच. मागचं बटण अडकून बसलंय का म्हणून त्याची वायर काढली. अकराच. दर वेळी चौकशी मोठ्याने मोजत होती आणि अकराला आत्याकडे बघत होती.

"आपण एकेक जण सोडत चाललोय," आत्या म्हणाली. "चोर सापडला नाही तरी साव कोण ते कळतंय."

मंगळवारी तिने पाठ उघडली. सोळा स्क्रू, सोळाही चौकशीच्या हाताने एका वाटीत. पाठीवरच्या जाळीच्या फटींत पीठ होतं, ते अपेक्षितच होतं. पण पिठासोबत निळे-तांबडे धागे होते. कापसाचे तंतू फटीफटींत दाबलेल्या लोकरीसारखे बसले होते. आत्याने एक धागा चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि तिचा हात थांबला.

हा धागा तिच्या ओळखीचा होता. आईच्या गोधडीचा.

"वहिनी," तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "टीव्हीवर काही घालता का?"

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "मी नाही हो वन्सं. तुमच्या दादांनी शिवलंय पांघरूण, सासूबाईंच्या गोधडीचं. स्वतः सुई घेऊन बसले होते दोन दिवस. समोर काच तेवढी उघडी ठेवलीय, मागची पाठ सगळी गुंडाळलेली, म्हणून तुम्हाला खालून दिसलं नसेल. पीठ बसतं म्हणून. टीव्ही बिघडल्यापासून खुंटीला टांगलंय, मला धुवायलासुद्धा देत नाहीत."

"चालू असताना पण तसंच असतं?"

"तसंच. काढायला लागू नये म्हणून तर समोरून उघडं शिवलंय. हुशारी बघा."

आत्याने तो धागा बोटाभोवती गुंडाळला. लहानपणी याच कोपऱ्यात आबांचा मोठा लाकडी रेडिओ होता. बटण फिरवलं तरी तो लगेच बोलायचा नाही. आतले काचेचे दिवे तापायला लागायचे. तोवर काय करायचं, म्हणून आबांनी दोघा भावंडांना वीसपर्यंत मोजायला शिकवलं होतं. दोघं रेडिओला कान लावून मोजायची आणि अठरा-एकोणीसला आतून आधी खरखर, मग कुणाचा तरी आवाज यायचा. दादाला वाटायचं, आपण मोजलं म्हणूनच आतला माणूस जागा होतो. एकदा तो मुद्दाम पंधरावर थांबला होता, आणि रेडिओ तरीही बोलला तेव्हा दिवसभर रुसून बसला होता. रात्री आई रेडिओवर गोधडीचा तुकडा घालायची. पिठापासून जपायला.

आईचं घालणं दादाने बरोब्बर लक्षात ठेवलं होतं. फक्त अर्धं.

"आत्याआजी, काय झालं?"

"काही नाही. बस इकडे. हात मागे ठेव, आणि ऐक. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं समजायचं नाही. आत एक मोठी टाकी आहे, तिच्यात ती बसून राहते आणि हात लावणाऱ्याला चावते." तिने आबांचा जुना बल्ब घेतला, त्याच्या दोन तारा त्या टाकीच्या, म्हणजे मोठ्या कंडेन्सरच्या, पायांना टेकवल्या. बल्ब एकदाच भक्कन उजळून विझला. चौकशीने टाळ्या वाजवल्या.

मग तिने विजेचा जोर मोजणारा मीटर लावला. मीटरचं टोक धरायला हात चालत होता, टेकवून ठेवायचं तर असतं. टीव्ही चालू केला. काटा बारा व्होल्टच्या खुणेवर उभा राहिला. चौकशी मोजू लागली. नऊ, दहा... पडद्यामागचे दिवे पूर्ण जोराने पेटायची वेळ झाली आणि काटा बारावरून थेट आठच्या खाली घसरला. काळोख. पुन्हा बारा.

"पाहिलंस? उभा राहतो तोपर्यंत ठीक. डोक्यावर ओझं दिलं की गुडघे वाकतात. आता ओझंच काढून बघू."

तिने पडद्याच्या दिव्यांकडे जाणारी वायर सोडवली आणि पुन्हा चालू केला. दहा, अकरा, बारा, तेरा... पडदा काळाच होता, पण काळोखातून एक बाई कसल्याशा साबणाचं कौतुक करू लागली. चौकशी किंचाळली. आत्याने विजेरी काचेवर तिरपी धरली. खोल पाण्यात दिसावं तसं पुसट चित्र हलत होतं.

"जिवंत आहे!"

"जिवंत आहे. मेंदू चांगला, आवाज चांगला. जोर पुरवणारे दमलेत." आणि तिने बोट दाखवलं. बोर्डाच्या कडेला, नखाएवढे दोन कंडेन्सर. बाकीच्यांची डोकी सपाट होती, या दोघांची फुगून वर आली होती.

"यांना काय झालं?"

"उकडलं," आत्या म्हणाली.

त्याच वेळी दादा पाठीमागे येऊन उभे राहिले. "काय म्हणतोय?" त्यांनी नेहमीच्या चढ्या आवाजात विचारलं. "होतोय का? का नुसता शाळेचा वर्ग चाललाय?"

"होईल, दादा!"

"आबांनी पण सगळ्या गावाचे रेडिओ उघडले. पोट मात्र गिरणीच्या दगडाने भरलं," दादा म्हणाले आणि वळले. हे वाक्य आत्याने आयुष्यभर ऐकलं होतं. ते कुठून येतं हेही तिला माहीत होतं. दादा दहा वर्षांचा असताना आबांनी त्याच्या हातात पहिल्यांदा डाग द्यायचं काम दिलं. त्याने बोट भाजून घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या रेडिओचा एक भाग मोडून ठेवला. आबा दुकानभर लोकांसमोर म्हणाले, "याचे हात दगडाचेच. याला गिरणीत घाला." लोक हसले. आबाही हसले. दादा त्या टेबलापाशी पुन्हा बसले नाहीत.

बुधवारी भाचा घाण्याचा पट्टा आणायला बाजाराच्या गावी जाणार होता. आत्याने त्याला नव्या कंडेन्सरची चिठ्ठी दिली आणि बजावलं, "व्होल्टचा आकडा जास्त असला तर चालेल, कमी अजिबात नको. आणि उष्णता सोसणारे माग." संध्याकाळी त्याने कागदाची पुडी टेबलावर ठेवली. "हे घे. एवढेसे शेंगदाणे, आणि त्यांच्यासाठी तासभर चार दुकानं."

गुरुवारी दुपारी, गिरणी बंद असताना आणि चौकशी शाळेत असताना, आत्याने सोल्डरगन तापवली. तिला कुणी बघायला नको होतं. बोर्ड उलटा ठेवला, कोपर टेबलावर रोवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. टोक जागेजवळ नेलं. ते नाचायला लागलं. तिने श्वास धरला. टोक घसरलं, शेजारच्या बारीक रेघेला लागलं आणि बोर्डाला करपल्याचा वास सुटला. तिने भिंग लावून पाहिलं. रेघ तुटली नव्हती, काठ काळा पडला होता. अजून एकदा असं झालं तर तुटेल.

ती गन स्टँडला लावून तशीच बसून राहिली. मांडीवर दोन्ही हात ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि सांभाळायला दिलेत.

"कधीपासून?"

दादा दाराशी आपल्या दुपारच्या बाकड्यावर होते. झोपलेत असं तिला वाटलं होतं. आणि त्यांचा आवाज हळू होता. इतका हळू की तिला क्षणभर ओळखूच आला नाही.

"वर्ष झालं," ती म्हणाली. मग त्यांना ऐकू येणार नाही म्हणून एक बोट दाखवलं.

दादांनी वाकून टेबलाखालचं पोतं बाजूला केलं. चारही रेडिओ पाहिले. पोतं परत जागेवर ठेवलं. मग स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले, तिचं भिंग आपल्या चष्म्याला अडकवलं आणि हात पुढे केला.

"दे."

"दादा, तू..."

"पन्नास वर्षं दगडाला टाकी लावतोय, धाकटे. छिन्नी केसभर सरकली तर पीठ जाडं येतं. दे इकडे."

त्यांची बोटं मुळ्यांसारखी जाड होती, नखांत पीठ होतं. गन त्यांच्या हातात काडीसारखी दिसत होती. पण टोक हवेत जिथे थांबलं तिथे थांबलं. माशी बसली असती तरी हललं नसतं.

आत्या त्यांच्या कानाशी वाकली. ती पोरांशी बोलायची तसंच बोलू लागली, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट. "आधी जुना काढायचा. पायाला टेकव. घाई नको. वितळलं की चमकेल... चमकलं? आता हलकेच ओढ." पहिला कंडेन्सर सुटून आला. दुसरा आला. "आता नवा. पांढरी पट्टी आहे ना, ती बोर्डावरच्या रेघा मारलेल्या बाजूला. उलटा बसला तर फुटतो. हं. आता आधी जागा तापव, मग सोल्डर दे. गनला नाही द्यायचं, जागेला द्यायचं. जागा तापली की ती स्वतःच ओढून घेते."

"हे आबांनी सांगितलं नव्हतं," दादा म्हणाले. नजर कामावरच होती.

"सांगितलं होतं. तू रडत होतास."

दादांच्या मिशा हलल्या. डाग बसला. थेंबासारखा गोल, चकचकीत. आत्याने भिंगातून पाहिला आणि तिला आबांची फार आठवण झाली. त्यांनी हा डाग पाहायला हवा होता.

चौथा डाग झाल्यावर दादांनी गन ठेवली. "कशाने फुगले हे?"

आत्या बोर्डावरची धूळ कुंचल्याने झटकू लागली. "उन्हाळ्याने," ती म्हणाली. "जुना झालाय तो."

दादांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते उघड्या पाठीच्या जाळीकडे बघत होते. चिमटीने त्यांनी एका फटीतून निळा धागा ओढून काढला आणि बराच वेळ तळव्यावर धरून ठेवला.

"आई आधी हात लावून बघायची," ते म्हणाले. "रेडिओवर. गार झालाय का ते. मग घालायची."

आत्याने मान हलवली. दादांनी धागा खिशात ठेवला.

शुक्रवारी सकाळी सोळा स्क्रू वाटीतून परत जागेवर गेले. टीव्ही टेबलावरच उभा केला. वहिनी आल्या, दळणाच्या तीन बाया आल्या, सासऱ्यांचा दाखला देणारीही त्यांत होती. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला, पण भाचा दारातच थांबला. शाळेच्या कपड्यांतल्या चौकशीने बटण दाबलं.

लाल. हिरवा. चिन्ह.

"एक," चौकशी म्हणाली. "दोन. तीन." पाचला बायाही मोजू लागल्या. आत्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. नऊ. दहा. दहाला तिने डोळे मिटले. अकराला गिरणीत कुणी श्वास घेतला नाही.

"बारा!" चौकशी ओरडली.

पडदा उजळला, बातम्या देणारा माणूस बोलू लागला, आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. मोजायचं थांबलं. फक्त एक जाड, चढा आवाज थांबला नाही. दादा टीव्हीला जवळजवळ कान लावून उभे होते. "पंधरा. सोळा. सतरा." बाया त्यांच्याकडे वळल्या. आत्याने डोळे उघडले आणि तीही मोठ्याने मोजू लागली. "अठरा. एकोणीस."

"वीस," दोघं एकदम म्हणाली.

"आजोबा, तो तर बारालाच लागला," चौकशी त्यांच्या कानात ओरडली.

"लागला असेल," दादा म्हणाले. "मोजायचं वीसपर्यंत."

दारातून भाच्याने ओरडून विचारलं, "दादा, घाणा आत घेऊ? आत्याचं टेबल..."

"घाणा दाराशी घे. माझं बाकडं उचल तिथलं."

"मग तुम्ही दुपारी पडणार कुठे?"

"दुपारी मला वेळ नाही." दादांनी टीव्हीच्या पाठीवर तळवा ठेवून पाहिला, खुंटीवरचं गोधडीचं पांघरूण काढलं, दोनदा झटकलं आणि घडी करून आत्याच्या स्टुलावर बसायला घातलं. मग वाकून पोत्याआडचा पहिला रेडिओ काढला आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला. शेजारी आपलं स्टूल ओढलं.

"हा कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं. "आणि पहिल्या दिवशी काय झालं होतं याला?"